रोलप्लेइंग गेम्स: जुन्या, नव्या, आणि नियम नेमके कशासाठी?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांत एक वाद कधीच मिटत नाही. जुन्या खेळांचे चाहते म्हणतात, आताच्या खेळांत शिंकायलाही नियम आहे, डोकं चालवायला जागाच ठेवलेली नाही. नव्यांचे चाहते म्हणतात, जुन्या खेळांत नियम होतेच कुठे, होती ती एका माणसाची मर्जी. दोन्हींत तथ्य आहे, पण दोघांनीही मोजपट्टी चुकीची धरली आहे असं माझं मत. नियम किती आहेत यापेक्षा ते कुठे ठेवले आहेत, हे बघायला हवं.

पानंच मोजायची म्हटली तर वाद दोन मिनिटांत कोसळतो. ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मूळ पुस्तकं १९७७ ते १९७९ या काळातली, म्हणजे चांगलीच जुनी. त्यांत कोणतं हत्यार कोणत्या चिलखतावर किती चालतं याचा तक्ता आहे, पात्राला कोणता रोग जडेल याचा तक्ता आहे, आणि नुसत्या हातांनी झोंबाझोंबी करायची तर इतका गुंतागुंतीचा हिशोब आहे की बहुतेकांनी तो कधी वापरलाच नाही. उलट जॉन हार्परची ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ २०१३ ची. ती एका पानात संपते. तेव्हा जुनं म्हणजे सुटसुटीत आणि नवं म्हणजे बोजड, हे समीकरण सोडून देऊ.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक गेम मास्टर, म्हणजे जीएम. समोर काय दिसतंय, दाराआड कोण आहे, पहारेकरी काय म्हणाला, हे सगळं तो सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात आणि आपलं पात्र काय करतंय ते बोलून दाखवतात. निकालाची खात्री नसेल तिथे फासे टाकायचे. पट असला तर असला, नसला तरी अडत नाही. बुद्धिबळात घोडा अडीच घरं जातो, विषय संपला. इथे खेळाडू म्हणतो, “मी झुंबराची दोरी कापतो.” पुस्तकात झुंबराचं नावही नसतं. मग काय होतं ते कोणी ठरवायचं?

हा प्रश्न या खेळांच्याही आधीचा आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून ‘क्रीगस्पील’ नावाचा युद्धखेळ अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी वापरत. नकाशा, फासे, किती सैनिक पडले याचे तक्ते, असा सगळा सरंजाम. त्यात इतका वेळ जाई की लढाई पुढेच सरकेना. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने मांडलं की तक्ते बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाला निकाल देऊ द्या. खेळ वेगवान झाला, पण आता सगळा भार पंचाच्या अकलेवर आला. पुढची दीडशे वर्षं याच दोन टोकांमध्ये ये-जा चालू आहे.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेझली याने ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा डाव मांडला. नेपोलियनच्या काळातलं एक गाव, आणि प्रत्येक खेळाडूकडे पलटणीऐवजी गावातली एकेक व्यक्ती. खेळाडू ठरलेल्या चाली सोडून आपसात कटकारस्थानं करू लागले. वेझलीला वाटलं डाव फसला, खेळाडूंना मात्र पुन्हा तेच हवं होतं. त्या मंडळींतल्या डेव्ह आर्नेसनने ही कल्पना ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक जगात नेली. पुढे तो आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाचा गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणली. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका.

त्या पुस्तिका वाचल्या तर आजचा वाचक चक्रावतो. वाचणाऱ्याला युद्धखेळ येतात असं गृहीतच धरलेलं आहे. लढाईसाठी ‘चेनमेल’ या १९७१ च्या वेगळ्याच पुस्तकाकडे बोट दाखवलेलं आहे. मधल्या फटी प्रत्येक गटाने आपापल्या परीने बुजवल्या, आणि त्यातून एकाच नावाचे अनेक वेगवेगळे खेळ तयार झाले. आज काही जण या मोकळेपणाला थोर डिझाइन म्हणतात. मला ते थोडं मागाहून चिकटवलेलं वाटतं. काही मोकळेपणा ठरवून होता, पण बराचसा लिहायचा राहून गेला होता. खुद्द गायगॅक्स अवघ्या पाच वर्षांत ‘अॅडव्हान्स्ड’ची जाडजूड पुस्तकं घेऊन आला, आणि सगळ्या टेबलांवर एकसारखा खेळ व्हावा हा त्यामागचा एक उघड हेतू होता.

आता वादातली एक गोष्ट आधी निकालात काढतो, कारण तिच्यावर फुकट शाई खर्च होते. ती म्हणजे थॅको. आर्मर क्लास (म्हणजे संरक्षण किती ते सांगणारा आकडा) शून्य असलेल्या शत्रूवर वार लागायला किती दान पडायला हवं, तो आकडा म्हणजे थॅको. ‘अॅडव्हान्स्ड’च्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो मुख्य पद्धत म्हणून आला. जुन्या हिशोबात आर्मर क्लास जितका कमी तितकं संरक्षण जास्त. समजा तुमचा थॅको १७ आणि समोरच्याचा आर्मर क्लास ४. १७ मधून ४ गेले, राहिले १३. २० बाजूंच्या फाशावर १३ किंवा वर पडलं की वार लागला. आता समोरच्याचा आर्मर क्लास उणे २ असेल तर १७ मधून उणे २ वजा करायचे, म्हणजे १९, आणि इथे टेबलावरचा एक तरी गडी अडखळतोच.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीने दिशा उलटवली. तोच पहिला शत्रू, पण आता त्याचा आर्मर क्लास ४ ऐवजी १६ आणि तुमच्या पात्राचा बोनस ३. फासा टाका, ३ मिळवा, १६ गाठले की झालं. म्हणजे फाशावर पुन्हा १३च हवेत. जुन्यातही वार लागण्याची शक्यता ४० टक्के, नव्यातही ४० टक्केच. खेळ तसूभरही बदलला नाही, फक्त वजाबाकीची बेरीज झाली. थॅकोत काही जुनी जादू होती असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण नवी पद्धत सरळसरळ चांगली आहे. जुन्या धाटणीच्या आजच्या कित्येक पुस्तकांतही चढता आर्मर क्लास दिलेला असतो, ते उगाच नाही.

खरा फरक आकडेमोडीत नाही. तो दिसतो खोली शोधताना.

एक दगडी खोली घ्या. मध्ये पुतळा, एक हात पुढे केलेला. पुतळा फिरवला की भिंतीतलं दार उघडतं. जुन्या पद्धतीच्या टेबलावर संवाद साधारण असा चालतो:

“पुतळ्याच्या आसपास जमिनीवर काही दिसतंय का?”
“धूळ आहे. पण पायथ्याशी फरशीवर अर्धगोल ओरखडे आहेत.”
“म्हणजे हा फिरतो. कोणत्या बाजूला ओरखडे जास्त?”
“डावीकडे.”
“आम्ही लांब उभे राहतो आणि हाताला दोर बांधून डावीकडे ओढतो.”

एकही फासा पडला नाही. नव्या पद्धतीच्या टेबलावर तीच खोली: “मी खोली तपासतो.” “फासा टाक.” “१७ अधिक ५, बावीस.” “पुतळा फिरतो हे तुझ्या लक्षात येतं.” दार उघडलं, मंडळी पुढे गेली.

जुनी बाजू म्हणते की पहिल्या खोलीत खेळाडू खेळले आणि दुसऱ्या खोलीत पात्राच्या कागदावरचा आकडा खेळला. हे मला पटतं. पण नवी बाजू जे म्हणते तेही झटकून टाकण्यासारखं नाही. पात्र असतं वीस वर्षं मुरलेला घरफोड्या, खेळाडूला मात्र स्वतःच्या घराचं कुलूप उघडताना धांदल होते. मग पात्राच्या कसबाला काही किंमत आहे की नाही? बोलण्याच्या प्रसंगात हे जास्त टोचतं. बोलघेवडा खेळाडू मुत्सद्दीपणाचा आकडा तळाला ठेवून राजाला गुंडाळतो, आणि लाजरा खेळाडू सगळे गुण वक्तृत्वात घालूनही गप्प बसतो. तलवार चालवून दाखव असं आपण कोणाला म्हणत नाही, मग भाषण करून दाखव असं का म्हणायचं?

या भांडणाचा उगम बरेच जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत शोधतात. मूळ खेळात पात्रांचे तीनच वर्ग होते: योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू. ग्रेहॉकने चोर आणला. कुलूप उघडणं, सापळा निकामी करणं, सावलीत लपणं, दबक्या पावलांनी चालणं, प्रत्येकाची टक्केवारी. तोवर लपायचं तर कोणीही लपत होतं. कुठे आणि कसं ते सांगायचं, जीएम ठरवायचा. चोराच्या कागदावर ‘लपणं’ छापून आलं आणि अचानक प्रश्न पडला की बाकीच्यांना लपता येतं की नाही? त्यातही गंमत बघा. त्याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक, म्हणजे नवशिक्यांसाठीच्या, संचात पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी नवख्या, चोराला सावलीत लपण्याची संधी दहा टक्के आहे. ज्याचं पोट लपण्यावर, तो दहापैकी नऊ वेळा सापडतो. कागदावर लिहिलेली क्षमता दुसऱ्या कोणाच्या तरी हातातून ती गोष्ट काढून घेते, हा डिझाइनमधला मोठा धडा या एका वर्गाने शिकवला.

मधला मार्ग लोकांनी शोधला आहे. रॉबिन लॉझच्या ‘गमशू’ या तपासाच्या खेळांसाठी बनवलेल्या पद्धतीत महत्त्वाचा धागा शोधायला फासाच टाकायचा नाही. योग्य कसब असलेलं पात्र योग्य जागी पोहोचलं की धागा मिळतो. कारण साधं आहे: रहस्यकथेत पुरावा सापडलाच नाही तर कथा तिथेच अडून बसते. पुराव्याचा अर्थ काय लावायचा, खरी करामत तिथे. मी यातून एक सवय उचलली. माहिती सढळ हाताने द्यायची आणि फासा जोखमीसाठी राखून ठेवायचा. पुतळा फिरतो हे सांगून टाकावं. तो फिरवताना वरून काय कोसळेल, तिथे फासा शोभतो.

आता जुन्या खेळांची जी बाजू नव्या खेळाडूंना बहुधा दिसतच नाही, तिच्याकडे वळतो. बोलण्याला आणि शोधण्याला तिथे फारसे नियम नव्हते. पण वेळ, उजेड आणि ओझं यांना होते, आणि तेही कडक. १९८१ चा टॉम मोल्डव्हेने संपादित केलेला बेसिक संच घ्या, ६४ पानांचा. भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या पाळ्यांत मोजायचा. मशाल सहा पाळ्या जळते. दर दोन पाळ्यांनी जीएम सहा बाजूंचा फासा टाकतो, एक पडला की कोणीतरी चालून येतं. म्हणजे एक मशाल संपेपर्यंत तीन वेळा दान पडणार, आणि काहीतरी भेटण्याची शक्यता ४२ टक्क्यांच्या आसपास. त्यात लुटीचं वजन. नाणी जितकी जास्त तितकी चाल मंद, चाल मंद म्हणून पाळ्या जास्त, पाळ्या जास्त म्हणून भेटी जास्त. आता “ही भिंत नीट तपासायची का?” हा प्रश्न फुकटचा राहत नाही. तपासाला एक पाळी लागते, आणि पाळीला किंमत आहे.

या सगळ्याला अर्थ येतो तो बक्षिसाच्या नियमामुळे. बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे एक अनुभवगुण. त्याच संचात ओर्क नावाचा एक किरकोळ राक्षस मारला तर दहा गुण, आणि योद्ध्याला दुसऱ्या लेव्हलसाठी हवेत २,०००. नुसत्या मारामारीवर जायचं तर एकट्याच्या वाट्याचे २०० ओर्क लोळवावे लागतील. कोण करेल? शहाणा खेळाडू ओर्कांना चुकवून त्यांची पेटी उचलतो. या खेळांना केवळ कापाकापीचे म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

शत्रू तरी दिसल्या क्षणी धावून येतो का? नाही. त्यासाठी प्रतिक्रियेचा फासा आहे, सहा बाजूंचे दोन. दोन पडले तर थेट हल्ला, बारा पडले तर चक्क मैत्री, आणि मधल्या सगळ्या जागेत संशय, गुरगुर, सौदेबाजी. दोन पडायची शक्यता ३६ मध्ये एक. शिवाय धीराचा नियम. आपली माणसं पडायला लागली की शत्रू फाशावर पळ काढू शकतो. सगळ्या जुन्या नियमांतला हा प्रतिक्रियेचा फासा माझा सर्वांत लाडका. एवढ्याशा नियमाने भुयारातला प्रत्येक राक्षस बोलता होतो.

नंतर काय झालं? दुसऱ्या आवृत्तीत सोन्यासाठी गुण हा नियम ऐच्छिक झाला. बक्षीस मुख्यतः शत्रू हरवण्यावर आणि कथेतली कामगिरी पार पाडण्यावर आलं. बक्षीस जिकडे सरकतं, खेळ तिकडे सरकतो. लढाई हाच खेळाचा गाभा झाला की ती न्याय्य हवी, म्हणून तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक राक्षसाला आव्हानाची पातळी मिळाली, जेणेकरून जीएमला बेतलेली लढाई मांडता यावी. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर आडपडदाच ठेवला नाही. चौकोनांचा पट, प्रत्येक वर्गाची लढाईतली भूमिका ठरलेली, प्रत्येक शक्तीचा परिणाम काटेकोर शब्दांत. तिच्यावर भरपूर टीका झाली, आणि तिसऱ्या आवृत्तीचा साचा पुढे नेणाऱ्या ‘पाथफाइंडर’कडे २००९ नंतर पुष्कळ लोक वळले. मला मात्र चौथी आवृत्ती प्रामाणिक वाटते. आपण कशाचा खेळ आहोत हे तिने लपवलं नाही.

मरणाचा प्रश्न याच धाग्याला बांधलेला आहे. बेसिक संचातल्या पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे किती इजा सोसता येईल तो आकडा, चार बाजूंच्या फाशावर ठरतात, आणि साध्या नियमात कोणत्याही हत्याराची इजा सहा बाजूंच्या फाशावर. हिशोब केला तर एक वार लागला की चारपैकी तीन वेळा जादूगार खलास. शून्य म्हणजे मेला, पुढे बोलणं नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत शून्यावर पात्र फक्त बेशुद्ध पडतं. मग दर फेरीला एक फासा, दहा किंवा वर म्हणजे यश. तीन यशांनी जीव वाचतो, तीन अपयशांनी जातो.

यावरून जुन्यांना क्रूर आणि नव्यांना मऊ म्हणण्याआधी पात्र बनवायला लागणारा वेळ बघा. जुन्या संचात ताकद, बुद्धी अशा सहा गुणांसाठी तीन-तीन फासे ओळीने टाकले, वर्ग निवडला, सामान घेतलं, झालं. मेलेल्याचा भाऊ पुढच्या खोलीत दोर घेऊन उभा. तिसऱ्या आवृत्तीत कसबांचे गुण वाटायचे, खास क्षमता निवडायच्या, पुढच्या दहा लेव्हलचा आराखडा डोक्यात ठेवायचा, त्यात अख्खी संध्याकाळ जाते. ज्यावर इतका वेळ गेला ते पात्र तिसऱ्याच खोलीत मेलेलं कोणाला आवडेल? म्हणून मरण अवघड करावं लागलं. नियम असे एकमेकांत अडकलेले असतात. एखाद्याने जुन्या खेळातलं मरण उचलून नव्या खेळात आणलं, पण पात्र बनवण्याचा वेळ तसाच ठेवला, तर टेबलावर फक्त चिडचिड होते. मोल्डव्हेच्या संचाच्या कितीतरी आधी, १९७७ च्या मूळ ‘ट्रॅव्हलर’मध्ये तर पात्र बनवतानाच मरू शकायचं. नोकरीत आणखी एक सत्र काढू का, असं पात्राला विचारत विचारत त्याचा भूतकाळ घडायचा आणि लोभ नडायचा. हे ऐकून लोक हसतात, पण तो छोटासा जुगारच होता आणि खेळायला मजेदार होता.

इथपर्यंत वाद दोन बाजूंचा वाटतो. पण तिसरी बाजूही आहे, आणि तिने दोघांच्याही गृहीतकांना हात घातला. २००० च्या सुमारास गेम डिझायनर रॉन एडवर्ड्स आणि त्याच्या भोवतीच्या मंडळींनी मांडलं की खेळाची नियमपद्धतीच ठरवते की टेबलावर काय घडेल. चांगला जीएम असला की कोणतीही पद्धत चालते, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. त्या घुसळणीतून पुढे २०१० मध्ये व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांचं ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’ आलं.

त्याची मुख्य यंत्रणा एका ओळीत सांगता येते. सहा बाजूंचे दोन फासे टाका, बेरजेत पात्राचा बोनस मिळवा. दहा किंवा वर: जमलं. सात ते नऊ: जमलं, पण किंमत मोजून. सहा किंवा खाली: जीएम काहीतरी घडवतो, आणि ते तुम्हाला आवडणारं नसतं. बोनस शून्य असेल तर पहिल्याची शक्यता १७ टक्के, बाकी दोन्हींची प्रत्येकी ४२. बोनस १ झाला की २८, ४४ आणि २८. बोनस २ ला ४२, ४२ आणि १७. बोनस शून्य ते दोन असेपर्यंत मधला हिस्सा चाळिशीच्या पुढेच राहतो. हे अपघाताने झालेलं नाही. “हो, पण...” हा निकाल सतत येत राहावा आणि त्यातून पुढची भानगड आपोआप उभी राहावी, म्हणून यंत्रच तसं जुळवलं आहे. २० बाजूंच्या फाशावर चुकलं तर बऱ्याचदा काहीच होत नाही. कुलूप उघडलं नाही, बरं, पुन्हा प्रयत्न करतो. इथे ‘काहीच झालं नाही’ हा निकाल उपलब्धच नाही.

आणि जीएम? त्याच्यावरही नियम आहेत. त्याने काय करावं, केव्हा करावं, हे पुस्तकात लिहिलेलं आहे, आणि तो फासे टाकतच नाही. जुन्या खेळात जीएम नियमांच्या वर बसलेला असतो. इथे तोही नियमांच्या आत आहे.

याच सुमारास, २००६ पासून, जुन्या नियमांची पुनर्मांडणी करणारी पुस्तकं येऊ लागली: आधी ‘ऑसरिक’, मग ‘लॅबिरिंथ लॉर्ड’, ‘स्वोर्ड्स अँड विझर्ड्री’. या चळवळीला ओएसआर म्हणतात. २००८ मध्ये मॅट फिंचने लिहिलेल्या छोट्या पुस्तिकेतून तिचं मुख्य सूत्र पसरलं: नियमावर बोट ठेवण्यापेक्षा प्रसंग बघून निवाडा द्या. यातला विनोद असा की ही पुस्तकं कायदेशीर निघू शकली ती २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीसोबत आलेल्या खुल्या परवान्यामुळे. नव्याने जुन्यासाठी दार उघडून दिलं.

ओएसआर आणि बेकर मंडळी, दोन्ही टोकं कसबांच्या लांबलचक याद्यांना कंटाळलेली. दोघंही म्हणतात आधी जगात काय घडतंय ते बोला, फासे नंतर. मग फाटतं कुठे? जगावर अधिकार कोणाचा, या मुद्द्यावर. जॉन हार्परच्या २०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये चोरांची टोळी तयारी न करताच दरोड्यात शिरते. समोर पहारेकरी आला की खेळाडू म्हणतो, “याला मी काल लाच दिली होती,” थोडा ताण सोसतो, प्रसंग मागे जाऊन खेळला जातो आणि ती गोष्ट खरी होते. तयारीचा कंटाळवाणा तास वाचला, दरोडा दरोड्यासारखा धावला. पण ओएसआरवाल्यासाठी तयारी हाच खेळ आहे. पहारेकऱ्याला लाच द्यायला काल विसरलात, तर विसरलात. त्या विसरण्यातूनच पुढची पळापळ निघते. या दोघांची तडजोड होत नाही, आणि ती व्हायलाही नको. ज्याला कथा घडवायची आहे आणि ज्याला संकटातून वाट काढायची आहे, त्यांना वेगळी पुस्तकं लागतात.

हल्लीच्या खेळांत सरमिसळ खूप आहे, आणि बरीचशी झकास आहे. ख्रिस मॅकडॉवलच्या ‘इन्टू द ऑड’ने वार लागला की नाही हा फासाच काढून टाकला. हल्ला केला की इजा होतेच, फक्त किती ते बघायचं. त्यामुळे लढायचं की नाही हा निर्णय आधीच गंभीरपणे घ्यावा लागतो. केल्सी डिऑनच्या २०२३ च्या ‘शॅडोडार्क’मध्ये मशाल घड्याळाच्या खऱ्याखुऱ्या एका तासात विझते. पाळ्यांचा हिशोब संपला, ताण मात्र राहिला. उलट पाचव्या आवृत्तीत जादूगार उजेडाचा साधा मंत्र हवा तितक्या वेळा टाकू शकतो. मशालीचा हिशोब कागदावर आहे, पण त्याला किंमत उरलेली नाही. अशा मेलेल्या नियमांचं ओझं मला मोठ्या पुस्तकांत सर्वांत जास्त खटकतं.

निवाड्याच्या बाजूने बोलणारे एक अडचण हळूच गिळतात. अनुभवी जीएमसाठी “प्रसंग बघून ठरवा” हे स्वातंत्र्य आहे. पहिल्यांदा खुर्चीत बसलेल्यासाठी ती रिकामी उत्तरपत्रिका आहे. झुंबराची दोरी कापली, आता इजा किती? मोठ्या पुस्तकांचा खरा फायदा त्यालाच होतो. नियम खेळाडूंनाही आधार देतात. अनोळखी लोकांच्या टेबलावर जिथे अजून विश्वास बसलेला नाही, तिथे माझी उडी किती लांब पडेल हे पुस्तकाने सांगितलेलं बरं. जुन्या मित्रांच्या गटात तोच नियम पायात येतो.

जुना जीएम पडद्याआड फासा टाकतो, खेळाडूचं आवडतं पात्र मरणार असं दिसतं, आणि तो आकडा बदलून सांगतो. हे चालतं की नाही यावर मैत्र्या तुटल्या आहेत. ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’मध्ये हा प्रश्न उरतच नाही, कारण जीएमच्या हातात फासाच नाही. इतर खेळांत माझं मत पक्कं आहे. फासे टेबलाच्या मध्यभागी, सगळ्यांसमोर टाकायचे, आणि टाकण्यापूर्वी चुकलं तर काय होईल ते मोठ्याने सांगायचं. जो निकाल आपल्याला झेपणार नाही, त्यासाठी फासा उचलायचाच नाही. जादूगार मरू नये असं सगळ्यांनाच वाटत असेल तर ते उघड बोलून ठरवावं, आणि मग पुतळ्याचा हात खाली आला की त्याची टोपी तेवढी जाते.